शिमग्याआधीची मोजणी

एरवी वर्षभर न दिसणारं सरकार आमच्याकडे मार्चमध्ये दिसू लागतं. जव्हारच्या चढावर खडीचे डंपर धापा टाकायला लागतात. पावसाळाभर ज्या खड्ड्यांत म्हशी बसत होत्या, त्यांच्यावर घाईघाईनं डांबराचा हात फिरतो. शाळांच्या भिंतींवर हत्ती, मोर आणि हसणारी पेन्सिल उगवते. काल सकाळी ओट्यावर चहा पीत होते, तेव्हा मोखाड्याच्या दिशेनं एक टेम्पो गेला. त्यात लाल-पिवळ्या प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या एकात एक खोचून रचलेल्या. शेजारचे काका म्हणाले, "शाळांना वाटायच्यात. महिनाअखेरीच्या आत." मी हसले. हे हसू चांगलं नव्हे, ते माझं मलाही कळतं. पण ज्या शाळांच्या छपरातून आभाळ दिसतं त्या शाळांकडे घसरगुंड्या चालल्या असतील, तर चांगलं हसू आणायचं कुठून?

मला मग तो एक मार्च आठवतो. नोकरीत मार्च पुष्कळ पाहिले. पण वास आठवतो तो त्याच एकाचा.

माझी शाळा तेव्हा बिवळपाड्याला होती. फाट्यावर जीप सोडायची, एक टेकाड चढायचं, एक उतरायचं, मग दोन खोल्यांची शाळा. मंजूर शिक्षक दोन, हजर मी एकटी. दुसरी जागा इतकी वर्षं रिकामी होती की मुलं त्या खुर्चीला 'सरांची खुर्ची' म्हणत आणि तिच्यावर पाण्याचा हंडा ठेवत. पाड्यात निम्मी घरं भात-नागलीची, बाकीची बिनजमिनीची. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि ही घरं उचलून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर न्यायचा. भांडी, कोंबड्या, मुलं, सगळं त्याच ट्रकात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस असे ती मुलं मागं राहत. बाकीच्यांची नावं मी रोज हाक मारायची आणि मागं राहिलेली मुलं एका सुरात ओरडायची, "भट्टीवर!"

फेब्रुवारी संपला की हवा बदलायची. पळस पेटलेला असायचा. मोहाची फुलं पहाटे टपटप पडायची आणि ती वेचून मुलं उशिरा यायची, बोटं चिकट, अंगाला गोडसर आंबूस वास. पाटीवर हात ठेवला की पाटी उचलून यायची. दुपारी कुठंतरी राब भाजत असत. पालापाचोळा, शेणकूट, फांद्या जाळून पुढच्या पेरणीची जमीन तयार करायची. तो निळा धूर खिडकीतून आत यायचा, आणि मी फळ्यावर भागाकार लिहीत डोळे पुसायची. मला तो धूर आवडायचा. त्यात निदान पुढं काहीतरी पिकवायचा इरादा होता.

अशाच एका धुरकट दुपारी तालुक्याचे साहेब आले. उन्हाळ्यात टेकाडाला वळसा घालून बैलगाडीच्या वाटेनं एखादी जीप कशीबशी यायची; त्या वाटेनं त्यांनी गाडी शाळेच्या पायरीला टेकेल इतकी जवळ आणवली, कारण ऊन होतं. दारात उभं राहून त्यांनी बोटानं मुलं मोजली, खुराड्यातल्या कोंबड्या मोजाव्यात तशी. मोजताना ओठ हलत होते.

"एवढीच?"

"बाकीची आईबापांबरोबर भट्टीवर आहेत, साहेब," मी म्हटलं. "शिमग्याला येतील. बरीचशी मग इथंच राहतात, आजीजवळ."

"शिमगा हे काही कारण नाही होऊ शकत बाई. मी आज जे दिसतंय ते धरणार."

"मग शिमग्यानंतर या ना मोजायला."

साहेबांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना लग्नाचं आमंत्रण देत होते. मग आवाज मऊ केला. या लोकांचा आवाज मऊ झाला की मी सावध व्हायची. "वाईट वाटून घेऊ नका. ही मुलं खालच्या मोठ्या शाळेत गेली तर त्यांचं कल्याणच आहे. तिथं त्यांना स्पर्धा मिळेल."

स्पर्धा. माझ्या मुलांना स्पर्धा मिळत नव्हती, हे मला ठाऊकच नव्हतं. खालची शाळा म्हणजे दरीच्या पलीकडे. एक उतार, एक नाला, एक चढ. पावसाळ्यात तो नाला मोठ्या माणसालाही ओलांडू देत नसे.

"पहिलीची पोरं एवढं चालतील कशी?" मी विचारलं.

"इकडच्या मुलांना चालायची सवय असते ना," साहेब म्हणाले आणि चार पावलांवरच्या गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरनं दार लावलं.

पुढच्या आठवड्यात जव्हारच्या डेपोत कुणाच्या तरी हातात वर्तमानपत्र होतं. जिल्ह्याच्या पानावर बातमी होती की कमी पटाच्या शाळांचं 'सक्षमीकरण' होणार. मी दोनदा वाचली. बंद हा शब्द कुठंच नव्हता. शाळा बंद करायची असेल तर तसं म्हणावं, त्यात एक प्रामाणिकपणा असतो. पण या मंडळींना कोंबडी कापतानाही तिचा सत्कार करायचा असतो.

आणि गंमत अशी, की त्याच आठवड्यात शाळेत फरशीवाला, गवंडी आणि एक तरुण अभियंता येऊन उभे राहिले. बरोबर सिमेंट, पांढऱ्या फरशा आणि चकचकीत नळ.

"हे काय?" मी विचारलं.

"हात धुण्याचं केंद्र."

"छप्पर गळतंय. मी दरवर्षी छपराचं मागते."

"ते मला माहीत नाही मॅडम. मला हे मार्चच्या आत बसवायचंय."

"पण ही शाळा बंद करतायत."

त्यानं मोबाइलवरून मान वर केली. मुलगा वाईट नव्हता. खरोखर गोंधळला होता. "ते आमच्याकडं येत नाही," तो म्हणाला.

"बरं. नळ बसवताय, पाणी कुठून?"

"पाणी आमच्या अंदाजपत्रकात नाही."

हे वाक्य त्यानं इतक्या सरळपणे म्हटलं की मला त्याची कीव आली. पाड्याची विहीर मार्चमध्ये तळ दाखवायची. बाया वाटीनं पाणी खरवडून हंडा भरत. टँकर आला तर आला. आणि शाळेच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत, मुलांच्या उंचीचे नळ ओळीनं उभे राहिले. मागच्या फरशीवर एक डॉल्फिन पाण्यातून उडी मारत होता. फोटो निघाले. मुलांना नळाखाली हात धरून उभं राहायला सांगितलं. त्यांनी धरले.

माणसं गेल्यावर दुसरीतली वनिता नळापाशी गेली. तिनं तो एकदा फिरवला, वाकून तोंडातून आत पाहिलं.

"बाई, यातून काय येल?"

"काही नाही."

"मग फिरवू?"

"फिरव."

ती बराच वेळ फिरवत बसली. दुपारच्या खिचडीआधी एक नळ तिच्या हातात आला होता.

मी त्या वेळी रागावलेली होते का? नसावे. राग पहिल्या काही वर्षांत यायचा. छपराच्या मागणीला उत्तर आलं नाही की यायचा, दुसरे शिक्षक पाठवतो म्हणून पाठवले नाहीत की यायचा. राग येतो तेव्हा समोरच्याकडून अजून काहीतरी अपेक्षा असते. त्या कोरड्या नळांसमोर उभी असताना माझ्या लक्षात आलं की माझी अपेक्षा कधीची आटली आहे. तिच्या जागी जे उरलं होतं ते थंड होतं, आणि त्याला एक प्रकारची मजाही वाटत होती. तुच्छता म्हणावं तर शब्द मोठा वाटतो. पण दुसरा सापडत नाही.

शिमगा आला. भट्टीवरून माणसं आली. ट्रक फाट्यावर थांबायचे आणि पायवाटेनं बोचकी, पातेली, लेकरं यांची रांग लागायची. दुसऱ्या दिवशी वर्ग भरून गेला. मुलांच्या केसांत अजून विटांची लाल धूळ होती. बोलण्यात 'सेठ' आणि 'छुट्टी' शिरले होते. एकानं मला 'मैडम, पानी पीने जाऊं?' असं विचारलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. होळी पेटली, शेजारच्या गावात बोहाड्याची सोंगं नाचली, ती बघून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून झोपली. मी त्यांना उठवलं नाही. सोंग घेणारा माणूस तिथं उपास धरतो, देवाच्या पाया पडून मुखवटा चढवतो आणि नाचून झालं की उतरवून ठेवतो. मुखवटा उतरवून ठेवण्याची ही रीत कचेऱ्यांपर्यंत पोचलेली नाही.

धुळवड झाली आणि साहेब पुन्हा आले. या वेळी शाळा व्यवस्थापन समितीची संमती घ्यायला. समितीची अध्यक्ष सोनीबाई. बुटकी, काटक, हाताचे तळवे भट्टीच्या रंगाचे. तीन दिवसांपूर्वीच वसईकडून परतली होती. पदर खोचून ती पुढं बसली. मागं आया, बाप, आज्या. साहेब पायरी चढले आणि दारातच थबकले. वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती.

"ही कुठून आणली?"

मागच्या पोरांनी माना उंचावल्या.

साहेबांनी माझ्याकडं पाहून मिश्कील हसल्यासारखं केलं. "बाई, भाड्यानं आणलीत काय पोरं?"

सोनीबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "भाड्यानं गेलती साहेब. आता घरा आलीत."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. मग भाषण झालं. मोठी शाळा, सुविधा, संगणक, स्पर्धा पुन्हा एकदा, आणि शेवटी मुद्दा. "एवढ्या थोड्या मुलांसाठी शाळा चालवणं शासनाला परवडत नाही."

सोनीबाईनं मान वळवून दारातून अंगणाकडं पाहिलं. पांढऱ्या फरशा उन्हात चमकत होत्या.

"ते परवडला?"

"ते हेड वेगळं आहे."

"काय वेगळा?"

"हेड. म्हणजे ते पैसे दुसरे. ते त्याच कामाला वापरावे लागतात."

"पाणी नाय त्याला."

"ते तिसरं हेड," साहेब म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्यानं जरा ओशाळले. पण जराच. "येईल. पाणी येईल."

मी पुढं कित्येकदा त्या हेडांचा विचार केला. छपराचं एक, नळाचं एक, पाण्याचं एक, शिक्षकाचं एक, खडूचं एक. एका घरात राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांसारखी ती हेडं असावीत. आणि त्यांच्या भांडणात पोरांचा उपास पडतो, ते कुठल्याच हेडात बसत नाही.

सोनीबाईनं सही केली नाही. "मी शाळा मागाया अध्यक्ष झाले," ती म्हणाली. "शाळा द्याया नाय झाले."

"तुम्ही सही नाही केली तरी आदेश निघणार आहे."

"मग माझी सही कशाला पाहिजे?"

साहेब उठले. आदेश खरंच निघाला, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी सकाळी शाळेत पोचले तर शाळा ओस. अंगणात एक कुत्रं होतं, बाकी कुणी नाही. मला वाटलं, संपलं. मी तशीच पायरीवर बसले. तेवढ्यात फोन वाजला. तालुक्याच्या कचेरीतून होता, आणि पलीकडचा माणूस ओरडत होता. "बाई, तुमची मुलं इथं आलीत! सगळी! ताबडतोब घेऊन जा!"

नंतर कळलं ते असं. आदल्या संध्याकाळी सोनीबाई घरोघर फिरली होती. "साहेबाला पोरां मोजायचीत ना," ती म्हणाली, "तं नेऊ मोजाया." मला कुणी सांगितलं नाही, माझ्या नोकरीवर येऊ नये म्हणून. सकाळी उजाडताच पाडा चालू लागला. फाट्यावर दाभोशाकडून येणाऱ्या जीपवाल्यानं लहान पोरांना टपापर्यंत भरून घेतलं. मोठी चालत गेली. चालायची सवय असते ना इकडे.

मी एसटीनं पोचले. मार्च संपतानाची सरकारी कचेरी ज्यानं पाहिली नाही त्याला हे सांगूनही समजायचं नाही. छापायची यंत्रं अखंड कागद ओकत होती. ठेकेदार बगलेत पिशव्या धरून दाराशी दाटले होते. कारकून बेरजा करत होते, चहा गार होत होता. ज्यांच्या टेबलावरून आमच्या छपराचा कागद कधी हललेला नव्हता, त्यांची बोटं त्या दिवशी विजेसारखी चालत होती. आणि व्हरांड्यात, दोन्ही बाजूंनी भिंतीला पाठ लावून, माझी शाळा बसली होती. चौथीतली मुलगी समोर उभी राहून पाढे म्हणवून घेत होती. सगळी एकदम म्हणत होती, छातीचा भाता करून.

"सत्रा नव्वे—" मुलं ओरडली.

आतून कारकुनाचा आवाज आला, "अरे गप्प बसा रे! माझी बेरीज तिसऱ्यांदा चुकली!"

साहेब दारात आले. "बाई, घेऊन जा यांना."

मी घड्याळ पाहिलं. काय बोलणार हे मी ठरवलं नव्हतं. "साहेब, शाळेची वेळ आहे आणि शाळा भरली आहे. मधेच सोडता येत नाही."

"हे तुम्हाला महागात पडेल."

"मला एक खडू मिळेल का?"

शिपाई शोधायला गेला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, कपाटामागून कपाट. शिक्षणाच्या त्या कचेरीत खडू सापडला नाही. मी मग तोंडीच शिकवायला सुरुवात केली. परिसर अभ्यासात एक धडा असतो, आपल्याला मदत करणाऱ्या लोकांचा. पोस्टमन, परिचारिका, पोलिस. मी म्हटलं, आज आपण कचेरी शिकू. जा, एकेकाला विचारून या, तुम्ही काय काम करता. वनिता सरळ बेरीज चुकलेल्या कारकुनापाशी गेली आणि टेबलाला हनुवटी लावून म्हणाली, "तुमी काय काम करता?"

त्यानं फायलीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा फायलीकडं. "मार्च चालू आहे, बाळ," तो म्हणाला.

तिनं येऊन वर्गाला तसंच सांगितलं. "ते मार्च करतात."

दुपारी उष्मा वाढला. व्हरांड्याच्या टोकाला थंड पाण्याचं यंत्र होतं. मुलं बिचकत होती. वनितानं जाऊन त्याचा नळ फिरवला, सवयीनं, काही येणार नाही अशा हिशेबानं. गार पाण्याची धार तिच्या हातावर पडली. ती किंचाळली. "बाई! यातून येते!" मग सगळी शाळा तिकडं धावली. ओंजळी भरल्या, तोंडं धुतली, एकमेकांवर उडवलं. विटांची लाल धूळ धुऊन फरशीवर ओघळ आले. ठेकेदार बूट वाचवत बाजूला झाले. यंत्र रिकामं झालं, तरी लहानगी एकदोन पोरं नळाला तोंड लावून होती. मी ते बघत उभी होते आणि मला एकाएकी रडू आलं. एवढ्या वेळात मी पहिल्यांदाच तुच्छतेशिवाय दुसरं काही अनुभवत होते. ते मी ताबडतोब आवरलं. त्या व्हरांड्यात रडणं म्हणजे त्यांना फुकट काहीतरी देणं झालं असतं.

उन्हं उतरली तशी ठेकेदारांपैकी कुणीतरी मोबाइलवर चित्रण करायला लागलं. मग मात्र साहेब बाहेर आले. मुलं दिवसभर बसली होती तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. मोबाइल वर झाला तेव्हा वाटलं.

"ठीक आहे. बिवळपाड्याचं राहू द्या. शाळा चालू ठेवा."

"लिहून द्या," सोनीबाई म्हणाली.

"मी सांगतोय ना तोंडी."

"तोंडी तं पाणी पण आलाय आमच्या नळाला."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटतं, तो कारकूनच होता. साहेबांनी आत जाऊन लिहिलं, शिक्का मारला, आणि कागद तिच्या हातात देताना तिच्याकडं पाहिलं नाही. सोनीबाईनं तो तिथंच उभं राहून, ओळीखाली बोट धरत, शेवटपर्यंत वाचला. ती वाचत होती तोवर साहेबांना पेन हातात धरून तसंच उभं राहावं लागलं. त्या मोसमातलं माझं सर्वांत आवडतं दृश्य ते आहे.

बिवळपाड्याची शाळा आजही आहे. छप्पर ग्रामस्थांनी स्वतः शाकारलं. दुसरी जागा अजून रिकामीच. नळांच्या फरशांवर बाया मोहाची फुलं वाळत घालतात. डॉल्फिन उन्हानं फिका पडला. विलीनीकरण, सक्षमीकरण, समूह शाळा, शब्द दर दोनेक वर्षांनी बदलतात. नवे साहेब येतात, बोटानं मोजतात. शिमग्याआधीच येतात. शिमग्यानंतर या म्हणून सांगणारं कुणीतरी असतं, आणि ते कारण होऊ शकत नाही असं म्हणणारंही असतं. मी आता निवृत्त आहे. संध्याकाळी शिरपामाळाकडं, महाराजांचा मुक्काम झाला म्हणतात त्या माळाकडं, फिरायला जाते, तिथं बाहेरून आलेली माणसं इतिहासाबरोबर फोटो काढत असतात. मी बाजूला बसून दऱ्यांतल्या राबांचा धूर पाहते.

मला त्याच वर्षी मेमध्ये बदलीचा आदेश आला होता. प्रशासकीय कारणास्तव. पार दुसऱ्या टोकाला, मी नावही न ऐकलेला पाडा. शेवटच्या दिवशी सोनीबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आली. तिनं माझी पिशवी डोक्यावर घेतली होती, मी नको म्हणत असतानाही. आम्ही करंजाच्या सावलीत जीपची वाट पाहत बसलो. मी म्हटलं, "माझ्यामुळं तुमची शाळा एकशिक्षकीसुद्धा राहते की नाही कोण जाणे. नवीन कुणी पाठवलं तर बरं."

"धाडतील," ती म्हणाली. "नाय धाडला तं जाऊ परत." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमी चाललाव तिकडं किती पोरां हाईत?"

"थोडीच, म्हणतात."

ती गवताची काडी चघळत विचार करत राहिली. दरीपलीकडून जीपचा आवाज येऊ लागला.

"मंग ती पण बंद करायची असल त्यांना. म्हणून तुमाला धाडत असतील," ती म्हणाली. पिशवी उचलून तिनं माझ्या हातात दिली. "लागले बंद कराया, तं सांगा. आमची पोरां घेऊन येऊ. आता बसाया येतं आमाला."